पाणी बंद कुणी केलं?

१९७९ चा उन्हाळा. इंदूरच्या घरी आमची थोरली दहा महिन्यांची. रात्रभर उलट्या-जुलाब. आई म्हणाली, "पाणी देऊ नकोस, तेच बाहेर पडतंय." तेव्हा घरोघरी हाच समज होता हो! सकाळी पोर मलूल. रिक्षाने सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत नेली.

डॉक्टरीणबाईंनी मशीन-बिशीन काही लावलं नाही. टाळूवर बोट फिरवलं, खोल गेलेली. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश खाली बसली. कण्हत होती, पण डोळ्यांत टिपूस नाही.

"पानी किसने बंद किया?"

मी गप्प. लगेच सलाईन लावलं. दुपारी जरा हुशारली, मग मीठ-साखरेचं पाणी, चमच्या-चमच्याने.

ह्या पाण्याची कथा पुढे वाचली. १९७१, बंगालातलं बनगाव, निर्वासितांच्या छावणीत कॉलरा. सलाईन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज, खायचा सोडा पाण्यात कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं. शेकडा ३० च्या आसपास दगावत, ते ४ च्या आत आले. आम्हा बँकवाल्यांनाही असा हिशेब कधी पाहायला मिळाला नाही.

आई दिवसभर व्हरांड्यात तोंड फिरवून बसलेली. संध्याकाळी वाटी-चमचा मी तिच्याच हाती दिला.