गोष्टींची गोधडी आणि तारखेचा प्रश्न

मुलांच्या पुस्तकातली पात्रं कापडावर भरायची, ते चौकोन जोडून गोधडी शिवायची आणि घरातल्या लहानग्याला भेट द्यायची. ही रीत अमेरिकेत शंभर वर्षांहून जुनी आहे. हा काय संशोधनाचा विषय झाला, असं वाटेल. पण माझी शाखा विज्ञानाची असूनही ऐतिहासिक साधन कसं वाचावं हे सांगताना मला हेच उदाहरण सर्वांत सोपं वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. 19व्या शतकाच्या अखेरीस तिकडे ‘रेडवर्क’ नावाचं भरतकाम घरोघरी चालायचं. पांढऱ्या सुती कापडावर लाल दोऱ्याने चित्राची फक्त बाह्यरेषा भरायची. लालच का? उत्तर रसायनशास्त्रात आहे. बरेच रंग धुण्यात जात. ‘टर्की रेड’ मात्र पक्का. पूर्वी तो मंजिष्ठेच्या जातीतल्या एका झाडाच्या मुळांपासून मिळे. त्यातलं अ‍ॅलिझरिन हे रंगद्रव्य ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी 1868 मध्ये प्रयोगशाळेत बनवलं आणि पुढे हा लाल रंग स्वस्त झाला. मुलांचं अंथरूण-पांघरूण सतत धुवावं लागतं, म्हणून त्यावर हा दोरा सोयीचा.

चित्रं यायची पुस्तकांतून. केट ग्रीनअवे यांचं ‘अंडर द विंडो’ 1879 मध्ये आलं आणि त्यांच्या चित्रांतली मुलं भरतकामात उतरली. 1900 मध्ये बर्था कॉर्बेट यांच्या ‘सनबॉनेट बेबीज’ आल्या: मोठ्या टोपीत चेहरा झाकलेल्या छोट्या मुली. त्या आधी वाचनपाठाच्या पुस्तकात गेल्या, मग गोधड्यांवर. 1916 मध्ये रूबी शॉर्ट मॅकिम यांनी ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वर्तमानपत्रात थॉर्नटन बर्जेस यांच्या प्राणिकथांमधल्या पात्रांचे नमुने दिले. एकेक चौकोन छापून यायचा. बायका तो कापून ठेवायच्या, कापडावर गिरवायच्या आणि भरायच्या.

आता समजा, अशी एक गोधडी तुमच्यासमोर आहे. तिच्यावर नाव नाही, साल नाही. ती कधी शिवली?

पहिली पायरी सोपी. चौकोनात मॅकिम यांचा नमुना असेल, तर गोधडी 1916 च्या आधीची असूच शकत नाही. पण ही झाली फक्त खालची मर्यादा. इथेच घाई होते आणि ‘1916 ची गोधडी’ असं लिहून आपण मोकळे होतो. कापून ठेवलेला नमुना डब्यात वीस वर्षं पडून राहू शकतो, आईकडून मुलीकडे जाऊ शकतो. नमुना छापल्याची तारीख वेगळी आणि टाके घातल्याची वेगळी.

मग आपण म्हणतो, प्रयोगशाळेत नेऊ. अतिनील प्रकाशात दोरा निळसर चमकला, तर त्यात शुभ्रता वाढवणारं रसायन आहे. या रसायनांचा वापर 1940 च्या दशकापासून वाढत गेला. म्हणजे गोधडी त्यानंतरची? थांबा! धुण्याच्या पावडरीतही हीच रसायनं असतात आणि धुताना ती कापडावर बसतात. जुनी गोधडी नंतर कुणी धुतली असेल, तरी ती चमकणारच. मोजमाप बरोबर, पण ते उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं: गोधडी कधी शिवली याचं नव्हे, कधी धुतली याचं.

यापेक्षा मोठी अडचण पुढे आहे. आज संग्रहात कोणत्या गोधड्या दिसतात? ज्या टिकल्या त्या. आणि टिकल्या बहुधा त्याच, ज्या कमी वापरल्या गेल्या. जी गोधडी मुलाने अंगणात ओढत नेली, तोंडात घातली, जिच्याशिवाय तो झोपला नाही, ती विरून संपली. आपल्याकडच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्यांचंही तसंच. विरलेली गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते. म्हणजे भेट जितकी लाडकी, तितका तिचा पुरावा कमी. नुसत्या टिकलेल्या नमुन्यांवरून ‘त्या काळी घराघरांत असंच व्हायचं’ असं म्हणणं म्हणजे पास झालेल्यांनाच विचारून पेपर सोपा होता असं ठरवणं.

म्हणून या विषयात वर्तमानपत्राचं पान आणि गोधडी, दोन्ही समोरासमोर ठेवावी लागतात. पान सांगतं काय सुचवलं गेलं. गोधडी सांगते काय केलं गेलं. खरी माहिती त्या दोहोंमधल्या फरकात असते. लाल दोऱ्याऐवजी निळा का? एक पात्र गाळलं का? एका कोपऱ्यात नमुन्यात नसलेलं घरचं कुत्रं का आलं? मॅकिम यांचं नाव छापलं गेलं, शिवणाऱ्या बहुतेक बायकांचं कुठेच नोंदलं गेलं नाही. त्यांनी स्वतः घेतलेले निर्णय आपल्यापर्यंत पोचतात ते या फरकांतूनच. फरक ‘चूक’ म्हणून सोडून दिले, तर ती बाईही इतिहासातून सुटली.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा आपल्या प्रत्येक साधनासमोर तीन ओळी लिहून बघा: हे साधन नक्की काय सांगतं, काय सांगू शकत नाही, आणि याच्यासारखी किती साधनं वापरून वापरून संपली असतील. तिसरी ओळ लिहायला सर्वांत जड जाते. गाईडचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा तिथेच येतो.