चित्रपुस्तक आणि बालवाणी : एक ऐतिहासिक मागोवा



ज्या शिक्षिकेच्या स्मृतीला वंदन करण्यासाठी आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर बालवर्ग सांभाळला. वरच्या वर्गांना शिकविणाऱ्यांचे श्रम निकालपत्रकांत दिसतात. बालवर्ग सांभाळणाऱ्यांचे श्रम मुलांच्या बोलण्यात मिसळून जातात आणि त्यांची नोंद कोठेच होत नाही. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी त्यांच्याच कामाचा विषय घेतला आहे : अक्षरओळख होण्यापूर्वी मुलाच्या हाती येणारे चित्रपुस्तक आणि त्यातून घडणारी त्याची भाषा.

आरंभ आपल्या परिचयाच्या ठिकाणापासून करतो. फ्रीगंजमधील टावर चौकात सायंकाळी घटकाभर उभे राहिले की, एखादे तीन वर्षांचे मूल आजीचे बोट धरून मनोऱ्याकडे पाहताना दिसते. ते हात उंचावून म्हणते, "घडी!" आजी म्हणते, "हो रे, घड्याळ. केवढं मोठं आहे बघ!" त्या मुलाला दुकानांच्या पाट्या वाचता येत नाहीत आणि घड्याळात किती वाजले हेही कळत नाही. तरीही पाहिलेल्या एका वस्तूवरून त्याला दोन भाषांतील दोन शब्द मिळाले आणि आजीशी बोलायला निमित्त मिळाले. चित्रपुस्तकाचे सारे शास्त्र या छोट्या प्रसंगात आहे असे मला वाटते. इतिहास मात्र असे सांगतो की, ही साधी गोष्ट शिक्षणव्यवस्था वारंवार विसरली आणि कोणीतरी ती पुन्हा पुन्हा शोधून काढली.

चित्र दाखवून कथा सांगण्याची परंपरा आपल्याकडे मुद्रणकलेहून कितीतरी जुनी आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी येथे ठाकर समाजातील कलावंतांनी चित्रकथीची परंपरा आजतागायत जपली आहे. सुट्या कागदांवर रंगविलेल्या चित्रांची पोथी समोर ठेवून कथेकरी एकेक चित्र पुढे करतो आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगतो. ऐकणाऱ्याला अक्षर यावेच लागत नाही. चित्र नजरेला धरून ठेवते आणि कथा जिवंत माणसाच्या मुखातून येते.

आपल्या माळव्यातही असे एक पुस्तक आहे. फक्त ते कागदावर नाही, भिंतीवर आहे. पितृपक्षात येथील मुली शेणाने भिंतीवर संजा काढतात, फुलांच्या पाकळ्यांनी ती सजवितात आणि संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणतात. चंद्र, सूर्य, बैलगाडी अशा आकृती दिवसागणिक बदलतात आणि अखेरीस मोठा किलाकोट उभा राहतो. धाकट्या मुली थोरल्या मुलींच्या शेजारी बसून आकृतीही शिकतात आणि शब्दही. विदर्भ-खानदेशातून आलेल्या घरांना यात भुलाबाईच्या गाण्यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

युरोपात बालकांसाठी छापलेल्या चित्रपुस्तकांचा विचार निघाला की पहिले नाव कोमेनियसचे येते. या मोराव्हियन शिक्षणतज्ज्ञाचे 'ऑर्बिस पिक्टुस' हे पुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाले. प्रत्येक पाठाच्या आरंभी एक चित्र, चित्रातील वस्तूंना क्रमांक आणि खाली त्याच क्रमांकांनी लॅटिन व जर्मन अशा दोन भाषांतील वाक्ये, अशी त्याची रचना होती. शब्दाआधी वस्तू डोळ्यांपुढे यावी, हा त्याचा आग्रह होता. एकाच चित्राच्या आधाराने दोन भाषा शेजारी शेजारी नांदू शकतात, हेही या पुस्तकाने दाखवून दिले. उज्जैनच्या मराठी माणसाने ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

पुढे छापील पुस्तके घरोघर पोहोचली, पण चित्राचे स्थान उतरले. अंकलिपीत चित्र आले ते अक्षराचा सेवक म्हणून. 'ग गणपतीचा' म्हणून झाले की चित्राचे काम संपले आणि पान उलटले. त्या चित्रावर मुलाने एकच ठरलेला शब्द बोलायचा असतो. गणपतीजवळचा उंदीर काय करतो आहे, हे त्याला कोणी विचारत नाही. अंकलिपीचे उपकार मी नाकारीत नाही. आपण सारे तिच्यावरच वाढलो. पण बोलण्याची हौस भागविणे हे तिचे काम नव्हे आणि त्या कामासाठी तिच्यावर विसंबून राहण्यात आपली चूक झाली.

ही चूक दुरुस्त करण्याचा मोठा प्रयत्न भावनगरला झाला. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले आणि १९२३ साली ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मॉन्टेसोरी पद्धतीचा स्वीकार करतानाही या मंडळींनी आपली बुद्धी गहाण टाकली नाही. लहान मुलांना कल्पित कथांपेक्षा वास्तव जगाचा परिचय आधी व्हावा, असा मॉन्टेसोरीबाईंचा कल होता. गिजुभाईंनी मात्र लोककथांना बालमंदिरात मानाचे आसन दिले. ताराबाईंनी 'शिक्षणपत्रिके'तून हा नवा विचार मराठी पालकांपर्यंत आणला.

या विचाराची खरी कसोटी ग्रामीण भागात लागली. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुलांची घरची बोली वेगळी होती आणि शहरी बालमंदिरातील महागडी साधने त्यांच्या जगातली नव्हती. तेव्हा शिंपले, बिया, पाने, खडे अशा परिसरातील वस्तूच साधने झाल्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी जन्मली. १९७५ साली केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हे नाव देशभर गेले.

यातून चित्रपुस्तकाविषयी मी घेतलेला बोध असा की, मुलापुढे ठेवलेले चित्र त्याच्या ओळखीच्या जगातून सुरू व्हावे. वारली मुलांच्या घरी चित्रांची उणीव नव्हती. लग्नप्रसंगी सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक काढीत. ते चित्र मुलांच्या परिचयाचे होते. त्यांना अपरिचित होते ते शहरी पुस्तकातले घर. पुस्तकात आपले घर दिसत नाही तेव्हा मूल गप्प बसते आणि आपण त्याला मंद ठरवितो.

स्वातंत्र्योत्तर काळात चित्रपुस्तकांची वाट पुष्कळ रुंदावली. १९५७ साली नॅशनल बुक ट्रस्ट आणि शंकर यांचा चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या दोन्ही संस्था स्थापन झाल्या. आपल्या मध्य प्रदेशात १९८२ साली एकलव्य संस्था निघाली आणि १९८५ पासून तिचे 'चकमक' हे हिंदी मासिक मुलांच्या हाती येऊ लागले. मराठीत माधुरी पुरंदरे यांनी शब्द आणि चित्र दोन्ही स्वतः रचून 'राधाचं घर' यांसारखी पुस्तके दिली. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. या पुस्तकांत नेहमीचे घर आणि नेहमीची माणसे आहेत. म्हणून मुलाला त्यांच्याविषयी सांगण्यासारखे पुष्कळ असते.

पण उत्तम पुस्तकही मिटलेले राहिले तर काय उपयोग? १९८८ साली अमेरिकेत व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या सुमारे तीस कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वच घरी पालक चित्रपुस्तके वाचून दाखवीत. त्यांपैकी निम्म्या पालकांना एवढेच शिकविले की, स्वतः वाचत सुटण्याऐवजी मुलाला मोकळे प्रश्न विचारा, त्याच्या उत्तराची वाट पाहा आणि त्यात थोडी भर घाला. एका महिन्यात या मुलांचे बोलणे इतर मुलांच्या काही महिने पुढे गेले. पिंगुळीचा कथेकरी आणि टावर चौकातील आजी यांना हे अभ्यासाविना ठाऊक होते. अभ्यासाने त्याला पुरावा दिला.

आता आपल्याविषयी. शिंद्यांच्या काळापासून मराठी माणूस येथे राहिला आणि येथलाच झाला. या नगरीशी निगडित असलेल्या मुक्तिबोधांच्या घरात थोरले गजानन माधव हिंदीचे मोठे कवी झाले आणि धाकटे शरच्चंद्र मराठीचे मान्यवर कवी-समीक्षक झाले. तेव्हा हिंदीमुळे मराठी जाते असे म्हणणे मला मान्य नाही. मराठी जाते ती तिच्यात बोलण्याचे प्रसंग उरत नाहीत म्हणून. आज आपल्या अनेक घरांत नातवंडांना मराठी समजते, पण ती उत्तर हिंदीत देतात. लवकरच आजी-आजोबाही सोयीसाठी हिंदीत बोलू लागतात. त्यापुढच्या पिढीला समजणेही उरत नाही.

यावर माझी विनंती अगदी लहान आहे. माजी विद्यार्थ्यांनी बालवर्गासाठी मराठी चित्रपुस्तकांचे एक कपाट उभे करावे आणि त्याला कुलूप नसावे. पुस्तके फाटतील, फाटू द्यावीत. आठवड्यातून एकदा आजी-आजोबांनी येऊन चार-पाच मुलांना भोवती घेऊन बसावे. पान उघडून विचारावे, "इथे काय चाललंय रे?" आणि थांबावे. हे थांबणे सर्वांत अवघड आहे. मुलाने 'घडी' म्हटले तर त्याला चुकले म्हणू नये. 'हो, घड्याळ' म्हणावे आणि पुढे विचारावे. आपल्या बाई बालवर्गात हेच करीत असत. त्यांचे स्मारक कपाटाच्या रूपाने झाले तर ते त्यांना शोभेल, आणि त्या कपाटापुढे मुले मराठीतून भांडू लागली तर त्याहून अधिक शोभेल.