‘भंगार’ म्हणण्याआधी

करमाडकर मंडळी, आज आपण एका शब्दाचा इतिहास पाहू.

1972 साली सुसुमु ओहनो या शास्त्रज्ञांनी आपल्या डीएनएच्या मोठ्या भागाला ‘जंक’ म्हटलं, म्हणजे भंगार. त्यामागे त्यांचं गणित होतं. लोकांच्या लक्षात राहिला तो शब्द. पुढे जनुकसंच वाचला गेला, तेव्हा प्रथिनांची कृती सांगणारा भाग जेमतेम दोन टक्के निघाला. पण पेशी उरलेल्या बऱ्याच भागाच्याही आरएनए-प्रती काढते. त्यांतल्या दोनशेहून अधिक अक्षरांच्या, प्रथिन न बनवणाऱ्या प्रती म्हणजे ‘लाँग नॉन-कोडिंग आरएनए’. आपल्या स्टेशनचा सिग्नल आठवा. तो एक पोतंही वाहत नाही. पण बिघडला तर मालगाडी अडते. यांतले काही आरएनए असेच, इतर जनुकांचं काम चालू-बंद करणारे.

आपले नैयायिक याला योग्यानुपलब्धीचा प्रश्न म्हणतील. अंधारात घडा दिसला नाही म्हणून ‘घडा नाही’ म्हणता येत नाही. आधी दिवा लावा.

असा दिवा आपल्याकडेही लावला गेला. पुण्यात 1917 साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशी काचेच्या भांड्यात वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली, आणि उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगाचा अनुवंशाशी संबंध तपासला. या आरएनएचं नावही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. पण काचेतली पेशी आणि जिवंत उंदीर, दोघांनाही विचारायचं, ही वाट तीच.

ती का लागते? ‘मॅलॅट-1’ पाहा. 2003 मध्ये फुप्फुसाच्या ज्या कर्करोगाचा पुढे प्रसार झाला, त्या गाठींत हा आरएनए जास्त आढळला. हा झाला अन्वय. आता व्यतिरेक. 2012 मध्ये त्याचं जनुक काढलेले उंदीर वाढवले. ते धडधाकट निघाले. 2016 मध्ये एका गटाने उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगात तो घटवला, तर प्रसार कमी झाला. 2018 मध्ये दुसऱ्या गटाला नेमकं उलट दिसलं! म्हणजे ‘भंगार’ म्हणण्याची घाई झाली, तशी ‘गुन्हेगार’ म्हणण्याचीही होऊ शकते.

मग उपयोग काहीच नाही का? आहे, पण मोजका. प्रोस्टेटच्या कर्करोगात वाढणाऱ्या ‘पीसीए-3’ची लघवीतली तपासणी अमेरिकेत 2012 मध्ये मान्य झाली, तीही एवढंच ठरवायला, की आधीच्या बायॉप्सीत काही सापडलं नसेल तर पुन्हा करावी का.

घरात रुग्ण असला की माणूस कुठल्याही बातमीला हात घालतो. त्यात चूक काहीच नाही. फक्त ‘कॅन्सरचं जनुक सापडलं’ असं वाचलं, की डॉक्टरांना दोन प्रश्न विचारू या : हे काचेत दिसलं, उंदरात की माणसात? आणि आमच्या माणसाच्या उपचारात याने आज काय बदलेल?