शेवटची प्रुफं

१९२२ सालचा एप्रिल आहे आणि तुम्ही केडगाव स्टेशनावर उतरला आहात. पुण्याहून दौंडकडे जाताना लागणारा हा कोरडा मुलूख. उन्हाचे चटके सोसत तुम्ही मुक्ती मिशनच्या छापखान्यात शिरता. आत बायकाच बायका. कुणी खिळे जुळवतेय, कुणी छापलेले कागद नीट लावतेय. दुष्काळातल्या कितीतरी अनाथ मुलींना या आवारानं जगवलंय.

पलीकडे मेजाशी या मिशनच्या संस्थापक पंडिता रमाबाई बसल्या आहेत. वय ६३. केस पांढरे, कान जवळजवळ गेलेले. तुमचा नमस्कार त्यांना ऐकूच जात नाही. पुढ्यात मराठी बायबलची शेवटची प्रुफं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं भाषांतर, कित्येक वर्षांचं काम. एकुलती एक लेक मनोरमा, जिच्या हाती पुढे सगळं सोपवायचं, ती गेल्या जुलैत वारली. चाळिशीतच.

एवढं होऊनही ही बाई प्रुफं कशी तपासते? ते कळायला मागे जावं लागेल.

दक्षिण भारत, १८७४. दुष्काळ. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, पाठोपाठ आई लक्ष्मीबाई. तिरडीला खांदा द्यायला माणसं नाहीत. अखेर दोन ब्राह्मणांना दया येते. ते दोघे, मुलगा श्रीनिवास आणि सोळा वर्षांची रमा तिरडी उचलतात. स्मशान तीन मैलांवर. रमा ठेंगणी, खांदा पुरत नाही. आईचा भार ती डोक्यावर घेते. तुम्ही मागून चालता आणि तिच्याशी काय बोलावं ते तुम्हाला सुचत नाही. मग बहीण गेली. १८८०मध्ये श्रीनिवास. १८८२मध्ये पती बिपिनबिहारी, पटकीनं. पदरात तान्ही मनोरमा.

पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये वाँटेजला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

जग असार म्हणून रमाबाईंनी हात झटकले असते, तर त्यांना कोण बोललं असतं? पण पुनरुत्थित ख्रिस्तावर त्यांचा जीव जडला होता. आपली माणसं त्याच्या हाती आहेत आणि एक दिवस त्यालाच भेटायचंय, हा त्यांचा भरवसा. मला तो खरा वाटतो, कारण मनोरमेच्या मरणानंतरही तो टिकला आणि कामाला लागला. खेड्यातल्या अडाणी बाईला कळेल असं शुभवर्तमान तिच्या हाती पडायला हवं होतं, आणि हाताशी दिवस थोडे होते.

पुन्हा केडगाव. प्रुफं पुरी झाली. ५ एप्रिलला पहाटे रमाबाई झोपेतच प्रभूकडे गेल्या. त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला होता.

घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर रमाबाईंची ‘माझी साक्ष’ वाचा. आईबाप गेल्याची हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ती ओलांडून पुढेही वाचा.