मागण्याचा शब्द

मुंबईत गिरगावात 'प्रार्थना समाज' म्हटलं की टॅक्सीवाला चौकाचं नाव समजतो. ज्या संस्थेवरून ते पडलं तिने एका शब्दाशी केलेली झटापट मात्र विस्मरणात गेली.

'प्रार्थना'चं मूळ 'अर्थ्' या संस्कृत धातूत आहे, अर्थ 'मागणे'. विद्यार्थी, शरणार्थी, सरकारी योजनेतला लाभार्थी हे सगळे त्याच गोतावळ्यातले. हिंदीत तर रजेच्या अर्जालाही 'प्रार्थना-पत्र' म्हणतात. मराठी कचेरीत ते काम फारसीतून आलेल्या 'अर्ज'ने बळकावलं आणि प्रार्थना मुख्यतः देवाच्या वाट्याला गेली. गंमत म्हणजे कोर्टात इंग्रजी याचिकेच्या शेवटी काय हवं ते मांडतात, त्या भागाला आजही 'प्रेयर' म्हणतात.

1849 च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा निघाली. जातिभेद मोडायचा, पण गुपचूप! सभासदांची नावं बाहेर फुटली आणि सभा विस्कटली. 1867 मध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी प्रार्थना समाज काढला, तो मात्र उघडपणे. पुढे न्या. रानडे आणि रा. गो. भांडारकर त्यात आले. बंगालचा ब्राह्म समाज डोळ्यांसमोर असूनही त्यांनी ते नाव घेतलं नाही.

मूर्ती नाही, पुरोहित नाही. एकत्र बसून उपासना आणि प्रवचन. चर्चची नक्कल, असं लोक हिणवत. पण गायचे तुकोबांचे अभंग, म्हणजे नवी उपासना जुन्या भक्तीच्याच जमिनीवर उभी होती.

खरी मेख त्यांच्या तत्त्वांत आहे. प्रार्थनेने सृष्टीचे नियम बदलत नाहीत, आणि ऐहिक फळं मागणं ही खरी प्रार्थना नव्हे, असं ते मानत. म्हणजे पाऊस, मुलगा, नोकरी यांसाठीचं मागणं बाद! ज्या शब्दाचा अर्थच मागणे, तोच शब्द त्यांनी नावात घेतला आणि मागण्याला कात्री लावली. मागायचं ते मनाचं बळ.

मला हे धाडस वाटतं, आणि थोडं कठोरही. उपाशी माणसाला भाकरी मागू नकोस असं सांगणं पोट भरलेल्याला सोपं जातं. समाज मुख्यतः शिकलेल्या, शहरी वर्गातच राहिला, यामागे हेही कारण असावं. ज्ञानदेवांचं पसायदानही मागणंच आहे, पण ते मागतं सगळ्यांसाठी. म्हणून असेल, शाळेच्या परिपाठात मुलं आजही ते म्हणतात, आणि त्याला प्रार्थनाच म्हणतात.