हरलेल्याने लिहून दिलेला कागद

मराठी मुलखातल्या जुन्या निवाड्यांचे कागद चाळताना एक प्रकार वारंवार हाती लागतो. त्याचे नाव यजितखत. पाटीलकीचा, कुलकर्णाचा किंवा जोशीपणाचा तंटा तुटला, की जिंकणाऱ्याला महजर, म्हणजे सभेच्या साक्षीने झालेल्या निवाड्याचा कागद, अथवा निवाडपत्र मिळे. हरणाऱ्यालाही एक कागद लिहून द्यावा लागे. आपण वादात खोटे झालो, या वतनाशी आपला संबंध नाही, यापुढे आपण किंवा आपल्या वंशातला कोणी कथळा करणार नाही, केल्यास दिवाणाचे गुन्हेगार आणि गोताचे अन्यायी, असा त्याचा आशय. आजच्या कोर्टात हरलेल्या पक्षाकडून कोणी असे लिहून घेत नाही. निकाल लागतो आणि लागू होतो. हरणाऱ्याला तो मान्य आहे का, असे कोणी विचारत नाही. सतराव्या-अठराव्या शतकातल्या गोतसभेला, म्हणजे वतनदार-बलुतेदारांच्या न्यायसभेला, मात्र ते विचारावेच लागे.

या न्यायपद्धतीची साधने भरपूर आहेत. राजवाड्यांनी 1898 पासून काढलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड, मावजी-पारसनिसांनी छापलेली वतनपत्रे आणि निवाडपत्रे, 1910 साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केलेले ‘शिवचरित्रसाहित्य’ आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल, या सगळ्यांत महजर विखुरलेले आहेत. वि. त्र्यं. गुणे यांनी 1600 ते 1818 या काळातले मूळ निवाडे तपासून मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ 1953 साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. या विषयावर आजही तोच आधार. खाली दिलेली रीत कोण्या एका खटल्याची नाही. अनेक कागदांत जे पुन्हा पुन्हा येते, तेवढेच इथे घेतले आहे.

महजर मोडीत, कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवून लिहिलेला असतो. आरंभी शक, संवत्सर, तिथी आणि शुहूर सन. हा सन अंकांत नव्हे, अरबी शब्दांत मांडलेला. ‘सलास खमसैन अलफ’ म्हणजे 1053, इसवी सनाचे 1652-53. त्यानंतर लगेच निवाडा येत नाही, वादही येत नाही. येते ती माणसांची यादी, ‘हाजिर मजालसी’ या मथळ्याखाली. आधी दिवाणाकडचे, म्हणजे हवालदार, मुजुमदार असे सरकारी अंमलदार. आदिलशाही-निजामशाही अमलातल्या कागदांत काजीही दिसतो. मग परगण्याचे देशमुख-देशपांडे, शेजारपाजारच्या गावांचे पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन आणि शेवटी गावचे बलुतेदार. लिहिता न येणाऱ्याने आपली निशाणी करायची. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. कोणता कायदा लावला, याचा उल्लेख अनेक महजरांत सापडत नाही. कोण कोण बसले होते, हे मात्र एकही महजर सांगायचे सोडत नाही. निवाड्याला वजन येई ते या हजेरीमुळे. पुढे पन्नास वर्षांनी कोणी वाद उकरून काढलाच, तर इतक्या गावांची माणसे साक्षीला होती, हे दाखवायला कागद तयार असे.

तंटा सुरू होई तो तक्रारीने. फिर्याद करणारा तो अग्रवादी, उत्तर देणारा पश्चिमवादी. दोघांकडून आधी राजीनामा घेत, म्हणजे ही सभा करील तो निवाडा मान्य करू, असा लेख. त्यावर वर्तणुकीचे जामीन. मग प्रत्येकाने आपली तक्रीर, म्हणजे आपले म्हणणे, द्यायची. वतन मूळ कोणाचे, वाटणी कधी झाली, दुष्काळात कोण परागंदा झाला, मागे राहिलेल्याने कारभार कसा बळकावला, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा करीना, म्हणजे हकीकत, त्यात येई. पुराव्यात कागद, साक्षी आणि भोगवटा, म्हणजे प्रत्यक्ष उपभोग कोणाकडे चालत आला, हे पाहत. साक्षीदाराला देवळात नेऊन, बेलभंडार उचलायला लावून विचारत. शिवेचा तंटा असेल, तर महाराचा शब्द मोलाचा ठरे. गावची शीव राखणे हे त्याचे कामच होते. गावाने ज्याला वेशीबाहेर ठेवले, त्याच्याच सांगण्यावरून गावाची हद्द ठरत होती.

वादी आपल्या गावच्या सभेवर अविश्वास दाखवू शकत होता, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे. इथले गोत प्रतिपक्षाचे आहे, दुसऱ्या थळी पाठवा, अशी मागणी कागदांत येते, आणि दिवाण ती मान्य करून वाद दुसऱ्या परगण्यात पाठवल्याचेही दिसते. निवाडा गोताने करायचा. पण कोणत्या गोताने, याबद्दल वाद घालायला जागा होती.

माणसांचा पुरावा संपला, की दिव्याची, म्हणजे देवाचा कौल घेण्याच्या परीक्षेची, पाळी येई. रवा दिव्यात उकळत्या तेलातून किंवा तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. आदल्या दिवशी हात स्वच्छ धुऊन, नखे काढून, हातावर आधीच्या कोणत्या खुणा आहेत ते टिपून घेत. रवा काढल्यावर हातावर थैली चढवून तिच्या तोंडाशी मोहर करत. तिसऱ्या दिवशी मजलिशीसमोर थैली सोडून हात पाहत. भाजला असेल तर खोटा, निर्मळ असेल तर खरा. आजच्या नजरेला ही क्रूर अंधश्रद्धा आहे, आणि होतीच. पण ते नखे काढणे, मोहर करणे, दोन दिवस वाट पाहणे यात दिसते ती संशयी माणसांची सावधगिरी. देव कौल देईल, यावर सभेचा विश्वास होता. कौल लागेपर्यंत हातात कोणी लबाडी करणार नाही, यावर नव्हता.

निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. दोन्हीकडून पैसा येत असल्याने दिवाणाला तंट्यांत रस असे, हे नजरेआड करून चालणार नाही. आणि मग ते यजितखत. पाटीलकीच्या वादात हरलेला माणूस गाव सोडून जात नसे. बहुतेक वेळा तो जिंकणाऱ्याचा भाऊबंदच. पोळ्याला पहिला बैल कोणाचा, होळीला पहिली पोळी कोणाची, कागदावर नाव आधी कोणाचे, अशा वडीलपणाच्या मानपानावरून मूळ वाद पेटलेला. दर सणाला तो पुन्हा पेटणार, हे उघड होते. निवाडा अमलात राखायला गावात सरकारी पोलीस नव्हता. म्हणून ज्याच्याकडून मोडतोड होण्याची भीती, त्याच्याच हातून हार लिहून घ्यायची, तीही साऱ्या गोतासमोर.

हे सगळे साधत असे का? नाही. अमल बदलला, नवा सुभेदार आला, की हरलेला पुन्हा उभा राही. यजितखत जुलमाने लिहून घेतले, असा दावा करी. काही वतनांचे तंटे दोन-तीन पिढ्या चालले. एकाच वतनाचे दोन महजर, दोन्ही उलट निकालाचे, असेही सापडते. पेशवाईत पुण्याला न्यायाधीशाचे पद होते आणि त्यावर रामशास्त्री प्रभुणे यांच्यासारखा करारी पुरुष बसला होता. पण खाली गावोगाव पंचच तंटे तोडत राहिले.

1818 मध्ये पेशवाई बुडाली. जिंकलेल्या मुलखाचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने 1819 च्या ऑक्टोबरात गव्हर्नर जनरलला सविस्तर अहवाल पाठवला. पंचायतीचे दोष त्याने झाकले नाहीत. पंच वेळेवर जमत नाहीत, काम लांबते, लाच चालते, निवाडा अमलात आणायला जोर नसतो, हे त्याने नोंदवले. धनको ऋणकोच्या दारात बसून करी तो तगादाही त्याने वर्णिला. तरीही लोकांची ओळखीची व्यवस्था मोडू नये, पंचायत हेच न्यायाचे मुख्य साधन ठेवावे, असे त्याचे मत पडले. पुढे मुंबईचा गव्हर्नर म्हणून त्याच्याच कारकिर्दीत 1827 चे कायदे झाले. त्यांत पंचायतीला जागा उरली, पण वर कोर्टे बसली. निकाल बजावायला सरकारी बेलीफ मिळतो म्हटल्यावर पंचांकडे जायचे कारण उरले नाही. पंचायत कोणी बंद केली नाही. ती ओस पडली.

‘आपल्याकडे गावातच न्याय होत असे’ हे वाक्य आज दोन वेगळ्या तोंडांतून ऐकू येते. 15 ऑगस्ट 2007 रोजी राज्य शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तिच्यामागे ही आठवण होती. आणि माणसांना वाळीत टाकणाऱ्या जातपंचायतीही स्वतःच्या समर्थनाला हीच परंपरा पुढे करतात. त्यांना आवरायला महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. जुन्या गोताच्या हातातही बहिष्काराचे शस्त्र होते, हे कबूल केले पाहिजे. महजराच्या यादीत महार-मांग आले, तरी बहुधा शेवटी आले आणि बायका क्वचितच आल्या, हेही. तरी महजरांची साक्ष जातपंचायतीला सोयीची नाही. तिथे आधी दोन्ही पक्षांची लेखी संमती लागे, सभेत परगावची आणि परजातीची माणसे बसत, सरकारचा माणूस हजर असे, आणि विश्वास नसेल तर दुसरे थळ मागता येई. जातपंचायतीत यांतले काहीच नाही. तेव्हा गावकीच्या न्यायाचे गोडवे कोणी गायले, तर त्याला दोनच गोष्टी विचाराव्यात: हरणाऱ्याने या पंचांना आपणहून संमती दिली होती का, आणि ती नाकारून त्याला दुसरीकडे जाता आले असते का? उत्तर नाही असेल, तर तो न्याय महजराच्या परंपरेतला नव्हे.