गंगाधरपंतांचे दुसरे पानिपत

‘पानिपत होणे’ म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. परीक्षेत झाले, धंद्यात झाले, क्रिकेटमध्ये तर कितीदा झाले. आता क्षणभर कल्पना करा, १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे जिंकले असते तर? या वाक्प्रचाराचा अर्थच उलटा झाला असता. बारावीत पहिल्या आलेल्या मुलाला शेजारच्या काकू म्हणाल्या असत्या, “अरे वा, पानिपत केलंस की!”

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेच्या नावातच ही गंमत आहे. ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल, तरी कथा थोडक्यात सांगते. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत, पानिपतात वेगळे काही घडले असते तर काय, या विचारात असताना ट्रकला धडकतात आणि नेमके त्याच ‘जर-तर’च्या जगात पोचतात. जिजामाता एक्स्प्रेसने ते मुंबईला जातात, तर तिथे अजून ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल! टाउन हॉलच्या ग्रंथालयात ते स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड उघडतात आणि त्यात मराठ्यांचा विजय वाचतात. आपल्या इतिहासात विश्वासरावांचा प्राण घेणारी गोळी त्या जगाच्या बखरीत कानाजवळून निघून जाते.

पण कथेतला खरा विनोद आझाद मैदानावर आहे. तिथे व्याख्यान चालू असते आणि व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी! हजाराव्या अध्यक्षीय भाषणाच्या उंबरठ्यावर आलेल्या गंगाधरपंतांना हे कसे पाहवणार? लोहचुंबकाकडे खिळा ओढला जावा तसे ते खुर्चीकडे जातात, बसतात आणि बोलू लागतात. त्या जगातल्या श्रोत्यांनी मात्र अध्यक्ष ही प्रथाच मोडीत काढलेली असते. टोमॅटो आणि अंडी यांचा मारा सुरू होतो. मराठे पानिपत जिंकले, तरी गंगाधरपंतांचे पानिपत झालेच.

पानिपतावर मराठीत कमी लिहिले गेलेले नाही. बखरी आहेत, पोवाडे आहेत, विश्वास पाटलांची १९८८ची कादंबरी आहे, तिच्यावरून आलेले ‘रणांगण’ हे नाटक आहे, २०१९चा आशुतोष गोवारीकरांचा चित्रपटही आहे. माध्यमे बदलली तरी हुंदका तोच राहिला. नारळीकरांची कथा मात्र या जखमेकडे हसत पाहते. जिंकल्याच्या स्वप्नात ती वाचकाला थोडा वेळ रमू देते आणि लगेच टोमॅटो फेकून जागे करते. म्हणूनच ती पुढच्या पिढीपर्यंत पोचावी असे मला वाटते. प्रश्न आहे तो कशी पोचावी हा.

इथे एका इंग्रजी कथेची आठवण होते. डग्लस ॲडम्सची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ ८ मार्च १९७८ रोजी बीबीसी रेडिओ ४ वर सुरू झाली. १९७९ मध्ये तिची कादंबरी झाली, १९८१ मध्ये दूरदर्शन मालिका, १९८४ मध्ये संगणकावरचा खेळ आणि ॲडम्सच्या मृत्यूनंतर २००५ मध्ये चित्रपट. हायवे बांधायचा म्हणून पृथ्वी पाडली जाते, हे सगळीकडे समान. बाकी कथानक दर वेळी फाटे फोडते, एका आवृत्तीचे दुसरीशी पटत नाही आणि ॲडम्सना त्याची फिकीर नव्हती. रेडिओवर विनोद आवाजातून आला. खेळ नुसत्या मजकुराचा, चित्र एकही नाही. तेव्हा तिथे त्यांनी खेळाडूच्या सामानात ‘चहा नाही’ ही एक वस्तू म्हणून ठेवली! हा विनोद पडद्यावर दाखवताच येणार नाही. जुना विनोद समजावून सांगण्यापेक्षा त्या माध्यमात शोभेल असा नवा विनोद त्यांनी केला.

आपल्या गंगाधरपंतांनीही प्रवास केला. एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या इंग्रजी पाठ्यपुस्तकात २००६ पासून ते ‘दि ॲडव्हेंचर’ या नावाने भेटले. केरळपासून काश्मीरपर्यंतच्या मुलांना एका मराठी विज्ञानकथेची ओळख झाली, हे मोठेच काम. पण नाव बदलताच वाक्प्रचार गेला. धडा संक्षिप्त केलेला, खाली प्रश्नोत्तरे. मग गंगाधरपंतांची फजिती मागे पडते आणि भौतिकशास्त्रज्ञ राजेंद्र देशपांडे कॅटॅस्ट्रॉफी थिअरी व क्वांटम सिद्धांत यांच्या आधारे जे स्पष्टीकरण देतो, ते मार्कांसाठी पाठ होते. घटना सगळ्या पोचल्या, पण हसू वाटेत सांडले.

याचा अनुभव मी ट्रॉयमध्ये घेतला. न्यूयॉर्क राज्यातल्या, हडसनकाठच्या या गावात मी पोस्टडॉक करते. इथली आणि शेजारच्या ऑल्बनीतली काही मराठी कुटुंबे अधूनमधून एकत्र जमतात आणि मुलांना गोष्ट सांगायचे काम माझ्याकडे येते. पहिल्यांदा मी पाठ्यपुस्तकासारखीच कथा सांगितली. आधी पानिपत म्हणजे काय, मग पेशवे कोण, मग अध्यक्षीय भाषण म्हणजे काय. दहा मिनिटांत मुले फोनकडे वळली. हसली ती फक्त टोमॅटोंना.

दुसऱ्यांदा मी ॲडम्सचा रस्ता धरला. गंगाधरपंतांना थेट गणपतीच्या कार्यक्रमात आणले. मसालेभात निवतो आहे, मुले भुकेली आहेत आणि एक काका माइक सोडत नाहीत. मुले खोखो हसली, कारण असे काका त्यांनी पाहिलेले होते. ‘त्यांचं पानिपत झालं’ हे वाक्य मी शेवटी नुसते म्हटले, अर्थ सांगितला नाही. त्यांना तो कळला होता. मग एका मुलीने विचारले, “म्हणजे ट्रॉय पण पानिपतच ना? ते पण हरलेच होते.” १७८९ मध्ये या वसाहतीला हरलेल्या नगरीचे नाव दिले गेले, तिथे राहून मला ही तुलना कधी सुचली नव्हती.

नारळीकर २०२१ मध्ये नाशिकच्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आणि प्रकृतीमुळे तिथे जाऊ शकले नाहीत. रिकाम्या अध्यक्षीय खुर्चीवर कथा लिहिणाऱ्याच्याच वाट्याला हे यावे! २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांच्या कथा आता आपल्या हाती आहेत. तेव्हा, वाचकहो, मुलांना त्या सांगताना तळटीपा देत बसू नका. तुमच्या गावचा ट्रक, तुमच्या मंडळाची खुर्ची आणि तुमच्या ओळखीचे काका घ्या. मूळ कथा बिघडेल अशी भीती बाळगू नका. एका इतिहासाला दुसरा फाटा फुटू शकतो, हे तर त्या कथेनेच आपल्याला शिकवले आहे. पुढच्या खेपेला मुलांनी गंगाधरपंतांना झूमवर आणायचे ठरवले आहे. काका बोलत राहणार आणि सगळ्यांनी त्यांना म्यूट केलेले असणार.